डेमोला डेमोच राहू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचा चौघांचा रॉक बँड २००२ ते २०११ या काळात सोलापुरात वाजत होता. अल्बम एकच निघाला. त्यात न आलेली चाळीसेक गाणी आणि इतर कच्चे डेमो कॅसेट, सीडी, एक जुना कॉम्प्युटर आणि मोबाईल यांत विखुरले आहेत. बहुतेक रेकॉर्डिंग शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, एका मित्राच्या माळ्यावर झालं, त्यामुळे मागे लूमची, म्हणजे यंत्रमागाची, खटखट आहे. सुरुवातीची गाणी इंग्रजी, नंतरची मराठी, मधली काही दोन्हींत. एका गाण्यात रामजोशींची लावणी घेतली आहे. आता या सगळ्याचा संग्रह काढायचा आहे. गाणी नव्यानं रेकॉर्ड करावीत की आहेत तशी द्यावीत, आवाज कितपत साफ होईल, आणि बँड सोडून गेलेल्या बेसिस्टचं, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याचं, काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

नव्यानं रेकॉर्ड करू नका. नवीन रेकॉर्डिंगची हौस असेल तर ती जरूर करा, पण वेगळी. या संग्रहात ती मिसळू नका. डेमोत गाणं अजून ठरलेलं नसतं. शेवटच्या ओळीचे शब्द सुचलेले नाहीत म्हणून गायक तिथं नुसतं गुणगुणतो. ड्रमर दुसऱ्या कडव्यात अचानक दुप्पट लयीत जातो आणि बाकीचे धावत त्याला गाठतात. पुढं गाणं पक्कं झालं की हे सगळं पुसलं जातं. ऐकणाऱ्याला तो न ठरलेला क्षण हवा असतो, आणि आज चांगल्या माइकसमोर बसून तो पुन्हा तयार करता येत नाही. म्हणून माझा पूर्ण सल्ला असा: सगळं जपा, थोडंच बाहेर द्या, आणि ऐकण्याच्या आड येईल तेवढंच दुरुस्त करा.

हे फक्त भावनेपोटी सांगत नाही. अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, टीॲकच्या चार-ट्रॅक (चार आवाज वेगवेगळे नोंदवणाऱ्या) कॅसेट मशीनवर बँडला शिकवण्यासाठी डेमो केले. मग बँडसोबत स्टुडिओत तीच गाणी वाजवून पाहिली. जमली नाहीत. खिशात खोक्याशिवाय फिरवलेली ती कॅसेटच शेवटी त्या वर्षी 'नेब्रास्का' म्हणून प्रसिद्ध झाली. तो तर मोठा स्टार होता, त्याला सगळं परवडतं, असं तुम्ही म्हणाल. मग 'गायडेड बाय व्हॉइसेस' पाहा. ओहायोतल्या डेटन नावाच्या, कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरातला हा इंडी बँड. त्यांनी २००० साली 'सूटकेस' हा ४ सीडींचा संच काढला. त्यात १०० न प्रकाशित गाणी, आणि प्रत्येक गाण्यावर एका काल्पनिक बँडचं नाव. त्या संचात खरखर आहे, अर्धवट गाणी आहेत. पण एका गावातल्या माणसाच्या डोक्यात वर्षानुवर्षं काय चाललं होतं ते त्यातून कळतं. सोलापूरच्या माळ्यावरून निघालेल्या गाण्यांतून असं काही कळलं तर मला फार आनंद होईल. आपल्या शहरातल्या कव्वालीच्या, भजनाच्या, मेळ्यांच्या आठवणी कोणी ना कोणी सांगतो. इथं डिस्टॉर्शन लावून गिटार वाजवणारी पोरं होती, याची नोंद जवळपास कुठंच नाही.

आता कामाला लागू. कॅसेटपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त धोका तिथं आहे.

कॅसेट मिळाली की लगेच डेकमध्ये घालून ऐकायचा मोह आवरा. आधी काच धरून पाहिल्यासारखी नीट पाहा. टेपच्या मध्यावर, हेड जिथं टेकतो तिथं, पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा पॅड असतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४२-४३ वर गेला की पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या कॅसेटमधला हा पॅड चिकटवलेला गोंद सुटून पडतो. पॅड नसेल तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि वरचे सूर गायब होतात. लोकांना वाटतं रेकॉर्डिंगच मेलंय. रेकॉर्डिंग शाबूत असतं. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात टेप हलवायची. चिकटवलेल्या कवचाची असेल तर कवच काळजीपूर्वक फोडावं लागतं. ते काम सवय नसलेल्यानं करू नये. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती वेगळी काढा, दुसऱ्या कॅसेटसोबत ठेवू नका आणि त्याच डेकमध्ये चालवू नका. आपली हवा कोरडी असल्यामुळे कोकणापेक्षा बुरशीचा त्रास इथं कमी, पण उष्णता आणि कापसाची धूळ यांचा जास्त. पूर्व भागात ठेवलेल्या कॅसेटमधून मी बारीक तंतू चिमट्यानं काढले आहेत.

मागच्या कडेची दोन प्लास्टिकची टोकं तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. टेप एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, मग वाजवा. हेड आणि रबरी रोलर प्रत्येक कॅसेटनंतर साफ करा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. आणि मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी घरी कॅसेट उतरवणारे जवळजवळ सगळेच वगळतात: ॲझिमथ. हेडचा टेपशी असलेला काटकोन. तुमची कॅसेट ज्या डेकवर रेकॉर्ड झाली त्याचा हेड किंचित तिरका असेल, तर दुसऱ्या डेकवर ती मंद, गुदमरल्यासारखी ऐकू येते. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. आवाज मोनो करून ऐकत तो स्क्रू हळूहळू फिरवायचा; एका जागी सिंबल एकदम उघडतात, तिथं थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला पुन्हा करावं लागतं. नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही ट्रेबल वाढवलात तरी हा फरक भरून निघत नाही.

उतरवताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. स्टिरिओला तासाला साधारण २ जीबी लागतात. चाळीस गाणी म्हटल्यावर हे काहीच नाही. जागा अगदी कमी असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पण त्याखाली जाऊ नका आणि मूळ प्रत एमपीथ्रीत ठेवू नका. डॉल्बीचं (सुरसुर कमी करण्याचं) बटण दाबून रेकॉर्ड केलं होतं का, हे आठवत नसेल तर ते बंद ठेवून उतरवा. गाण्याआधीची बडबड, काउंट, खोकला, 'परत घे रे', हे काहीही कापू नका. संग्रहात ते येईल की नाही हा नंतरचा प्रश्न. मूळ फाइलमध्ये सगळं हवं.

चार-ट्रॅकवर केलेली एखादी कॅसेट यात असेल तर ती साध्या डेकवर विचित्र वाजेल: एका बाजूला दोन ट्रॅक सरळ, दुसऱ्या बाजूला उरलेले दोन उलटे, आणि मशीन दुप्पट वेगाचं असेल तर सगळं निम्म्या वेगानं. घाबरून फेकू नका. दोन्ही बाजू उतरवून, दुसरी उलटवून, वेग दुप्पट करून चारही ट्रॅक जुळवता येतात. थोडं मागंपुढं सरकतं, ते हातानं बसवावं लागतं. अशी कॅसेट सापडली तर ती सोन्याची. गायकाचा आवाज वेगळा मिळतो.

वेगाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जुन्या डेमोंत मला सर्वांत जास्त त्रास याचाच दिसतो आणि त्यावरचा उपाय रेकॉर्डिंगमध्येच दडलेला असतो. स्वस्त रेकॉर्डरच्या मोटारी नेमक्या वेगानं चालत नसत. ३ टक्के फरक म्हणजे जवळपास अर्धा सेमीटोन (सेमीटोन म्हणजे कीबोर्डवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). गायकाचा आवाज जाड वाटतो, गाणं सुस्त वाटतं, आणि आपण म्हणतो 'तेव्हा आपण असंच वाजवायचो'. तसं नसतं. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार ॲम्प्लिफायरचा हम, म्हणजे विजेची घुंsघुं, असणारच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो हम ५० वर आणि त्याच्या पटींत, १०० आणि १५० वर बसतो. गाण्याआधीच्या शांततेचा तुकडा स्पेक्ट्रम ॲनालायझरमध्ये (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घ्या. हमची रेघ ४८.५ वर दिसली तर टेप साधारण ३ टक्के मंद वाजतेय. वेग तेवढा वाढवा. वाढवताना टाइम-स्ट्रेच (सूर तोच ठेवून फक्त लय बदलणं) वापरू नका. सूर आणि लय दोन्ही एकत्रच घसरलेली असतात, ती एकत्रच वर आणायची.

पण यात एक अडचण आहे. तेव्हाची वीज आजच्याइतकी स्थिर नव्हती. २००० च्या दशकात ग्रीडच्या नियमांतच बराच काळ ४९ ते ५०.५ हर्ट्झ एवढी मोकळीक होती. आता ती ४९.९० ते ५०.०५ अशी आवळली आहे.  म्हणून हमवरून काढलेला वेग २ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सेमीटोनच्या एक तृतीयांशापर्यंत, चुकू शकतो. आणि लोडशेडिंगमध्ये जनरेटरवर किंवा स्वस्त इन्व्हर्टरवर रेकॉर्ड केलं असेल तर या पद्धतीवर विसंबूच नका. त्यासाठी दुसरा साक्षीदार शोधा. गाण्यात कीबोर्ड असेल तर उत्तम. त्याचे सूर कारखान्यातूनच पक्के येतात, कोणी मुद्दाम बदलले नसतील तर. कीबोर्ड नसेल तर गायकाला ऐकवा. स्वतःचा विशीतला आवाज योग्य वेगावर आला की माणसाला तो लगेच ओळखू येतो. मी दोन्ही करतो: आधी हम, मग कान, आणि मतभेद झाला तर कानाचं ऐकतो.

सीडींचं काम सोपं आहे, पण आता लांबवू नका. घरी जाळलेल्या सीडीचा रंगद्रव्याचा थर वर्षांनी खराब होतो. खालच्या बाजूचे ओरखडे लोकांना दिसतात, पण जास्त घातक ओरखडा लेबलच्या बाजूचा, कारण चकाकणारा थर त्याच्या लगेच खाली असतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर वापरून कमी वेगानं वाचा. एका ड्राइव्हला वाचता आली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर बघा, बऱ्याचदा वाचते.

जुन्या कॉम्प्युटरबाबत एकच आग्रह: तो चालू करून रेकॉर्डिंगचे प्रोजेक्ट उघडायच्या भानगडीत पडण्याआधी हार्ड डिस्क काढून तिची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. जुन्या आयडीई डिस्कला जोडायचे ॲडॉप्टर अजून मिळतात. त्यानंतर मूळ मशीन चालत असेल तर तिथंच प्रोजेक्ट उघडा आणि प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटापर्यंत वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा. नव्या कॉम्प्युटरवर तुमचे तेव्हाचे ३२ बिट प्लगइन चालणार नाहीत आणि प्रोजेक्ट अर्धा मुका उघडेल. मोबाईलच्या फाइल एएमआर (जुन्या फोनचा बोलणं नोंदवायचा प्रकार) असतील तर त्यांत ४ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही, आणि ते परत येणारही नाही. अशी एखादी वीस-तीस सेकंदांची फाइल दोन गाण्यांच्या मध्ये ठेवली तर सुंदर लागते. पूर्ण गाणं म्हणून नको. आणि एकमेकांना फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता साफसफाई. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी याचीच दिसली, म्हणून स्पष्ट लिहितो: लूम काढता येणार नाही, आणि काढायचा प्रयत्नही करू नका. टेपची सुरसुर एकसारखी असते, म्हणून तिचा नमुना घेऊन ती कमी करता येते. लूमचा आवाज तसा नाही. तो ठोका आहे. स्नेअर आणि हाय-हॅट ज्या पट्ट्यात वाजतात त्याच पट्ट्यात त्याची धार आहे. तो कमी करायला गेलात की ड्रम पाण्याखाली गेल्यासारखे होतात आणि गायकाच्या 'स'चा 'श' होतो. शिवाय तो आवाज म्हणजे तुमचा पत्ता आहे. हे रेकॉर्डिंग पुण्यात किंवा बेंगळुरूत झालेलं नाही हे पहिल्या पाच सेकंदांत कळतं, आणि ते कळायलाच हवं. माग चालू असताना मोठ्यानं गावं लागायचं, म्हणून तुमच्या गायकाची ती ताणलेली पट्टी तयार झाली असेल, तर आता माग पुसून फक्त ओरडणं ठेवण्यात काय अर्थ?

हमचं वेगळं. तो कमी करा, पण बेतानं. ५०, १०० आणि १५० वर अगदी अरुंद कात्री लावायची. इथं एक खोच आहे. बेस गिटारचा खालचा जी (G) हा सूर ४९ हर्ट्झचा, आणि गिटारचा खालचा जी ९८ चा. जी मध्ये बांधलेल्या गाण्यात हमसोबत बेसिस्टचा मूळ स्वरही कापला जातो. तुमच्या यादीत अशी गाणी असतील, कारण शिकाऊ गिटारवाल्यांचा तो लाडका कॉर्ड. तिथं हम फक्त गाण्याआधी आणि गाण्यानंतर कमी करा, बँड वाजत असताना सोडून द्या. वाजताना तो झाकला जातोच.

सुरसुर जवळपास तशीच ठेवा. दोन गाण्यांमध्ये ती अचानक तुटली की टोचते, म्हणून तिला हळू आणा आणि हळू न्या.

शब्द अजिबात ऐकू येत नसतील, तेवढ्यासाठी मात्र मशीन लर्निंगवर चालणारं स्टेम (गळा, ड्रम, गिटार असे थर) वेगळे करण्याचं सॉफ्टवेअर वापरा. जॉन लेननच्या १९७० च्या दशकातल्या घरगुती कॅसेटवरून आवाज आणि पियानो वेगळे करता आले, म्हणूनच बीटल्सचं 'नाऊ अँड देन' नोव्हेंबर २०२३ मध्ये बाहेर आलं. १९९५ साली त्यांनी हेच गाणं आवाजाच्या दर्ज्यामुळं अर्ध्यावर सोडलं होतं. तुम्हाला एवढं करायची गरज नाही. युक्ती अशी की वेगळा काढलेला गळा एकटा वापरायचा नाही, कारण त्याच्या कडा कुरतडलेल्या असतात. मूळ मोनो रेकॉर्डिंग जसंच्या तसं चालू ठेवायचं आणि त्याच्याखाली हा काढलेला गळा अगदी थोडा, दोन-तीन डेसिबल उठाव येईल इतका, मिसळायचा. कुरतडलेल्या कडा मूळ आवाजात लपतात, शब्द पुढं येतात, आणि कोणाला काही केल्याचं कळतही नाही. ऑटोट्यून, लय सरळ करणं, चुकलेला ठोका दुसरीकडून आणून चिकटवणं, यांतलं काही नको.

गाणी निवडताना चाळीसच्या चाळीस देऊ नका. जून २०१९ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडच्या गायकाच्या मिनीडिस्क (रेकॉर्डिंगच्या छोट्या डिस्क) चोरीला गेल्या. त्यांच्या 'ओके कम्प्यूटर' अल्बमच्या काळातलं सुमारे १८ तासांचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर फिरू लागलं. बँडनं ते सगळंच बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर १८ पाउंडांना १८ दिवस ठेवलं आणि पैसे पर्यावरणाच्या चळवळीला दिले. त्यांचे चाहते जगभर आहेत, ते १८ तास ऐकतात. तुमचा श्रोता अजून तयार व्हायचाय. दहा-बारा गाणी, पाऊण तास. बाकीची सांभाळून ठेवा.

कुठली दहा? तुम्ही चौघं मत घ्यायला बसाल तर प्रत्येक जण स्वतः चांगला वाजवलेला टेक (गाण्याचं एकेक रेकॉर्डिंग) निवडेल. म्हणून माझा निकष वेगळा आहे. जे गाणं दुसऱ्या कुठल्याही रूपात अस्तित्वात नाही, ते आधी. मग अल्बममध्ये आलेल्या गाण्याचा असा डेमो, ज्यात गाणं वेगळ्याच वाटेनं निघालं होतं: संथ होतं, किंवा दुसऱ्या भाषेत होतं. तुमच्याकडे इंग्रजीतून मराठीत आलेली गाणी आहेत असं लिहिलंय. माझ्या मते या संग्रहाचा कणा तोच आहे. ज्या गाण्याचे दोन्ही भाषांतले टेक सापडतील ते दोन्ही द्या. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी एकाच चौकात ऐकू येणाऱ्या शहरातल्या मुलांनी आधी इंग्रजीत का गायलं आणि मग घरच्या शब्दांवर कसे आले, हे त्या दोन टेकमध्ये जेवढं कळेल तेवढं कुठल्याही मुलाखतीत कळणार नाही. इंग्रजी टेकमधले उच्चार ऐकून आज संकोच वाटेल. तरीही द्या.

फक्त चांगलं वाजलंय म्हणून अल्बमसारखाच असलेला टेक घेऊ नका. आणि अर्धवट तुटलेलं एखादं गाणं नक्की घ्या, लाइट गेल्यामुळं तुटलेलं असेल तर फारच छान. क्रम तारखेनुसार लावू नका. सुरुवातीची कच्ची गाणी ओळीनं आली तर ऐकणारा चौथ्या गाण्यापर्यंत पोचत नाही. क्रम कानानं लावा आणि तारखा छापा.

आता हक्क. मी वकील नाही, पण एवढं रोजच्या कामात लागतं. गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल, आणि ध्वनिमुद्रण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता तो, ज्यानं ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली. माळ्यावर तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलेलं बँडचं. एखाद्या स्टुडिओवाल्यानं स्वतःहून, पैसे न घेता तुम्हाला बोलावून रेकॉर्ड केलं असेल तर त्याच्याकडून चार ओळींचं पत्र घ्या. शब्द आणि चाल यांचा हक्क ज्यानं केलं त्याचा, हयातभर आणि पुढं ६० वर्षं. वाजवणाऱ्याचा हक्क वेगळा, तो ५० वर्षं.

म्हणजे बेसिस्टला वगळून चालणार नाही. त्याची परवानगी लेखी हवी. पण कागद घेऊन जाऊ नका. आधी त्याला भेटा आणि तो ज्यात मनापासून वाजलाय असं गाणं नीट उतरवून ऐकवा. भांडण जुनं आहे. त्याचं वाजवणं त्याहून जुनं आहे आणि ते तुम्ही जपलंत हे त्याला आधी दिसू द्या. पत्रात प्रत्येक गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणी काय वाजवलं, मिळकतीतला वाटा आणि त्याचं नाव कसं छापायचं, हे सगळं लिहा. दोन गोष्टी विसरू नका. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. स्ट्रीमिंग जगभर जातं, म्हणून 'संपूर्ण जग' असे शब्द हवेत. शिवाय वेगळं काही लिहिलेलं नसेल आणि वर्षभरात तो हक्क वापरला नाही तर तो मागे जातो. तेव्हा सही झाल्यावर दोन वर्षं झोपू नका. तो नाहीच म्हणाला तर त्यानं बांधलेली आणि वाजवलेली गाणी बाजूला ठेवा. त्याचा बेस काढून दुसऱ्याकडून वाजवून घेणं मला कधीच पटलेलं नाही, आणि डेमोच्या संग्रहात तर ते खोटं ठरेल.

रामजोशींचं तुम्हाला भय नको. सोलापूरचा हा शाहीर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच गेला. शब्द सर्वांचे आहेत. पण चाल तपासा. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' चित्रपटातली चाल गिटारवर घेतली असेल, तर संगीतकार वसंत देसाई १९७५ साली गेले, म्हणजे २०३५ संपेपर्यंत ती चाल मोकळी नाही. चाल तुमची स्वतःची असेल तर हे गाणं संग्रहात पहिल्या तिनांत ठेवा. दुसऱ्या कुठल्या कवीची कविता घेतली असेल तर हिशेब साधा आहे: निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या कविता २०१७ पासून मोकळ्या झाल्या. ज्यांची ६० वर्षं अजून भरलेली नाहीत त्या कवींसाठी वारसांना किंवा प्रकाशकाला पत्र लिहावं लागेल.

मास्टरिंगला, म्हणजे आवाजावरच्या शेवटच्या हाताला, फार वेळ घालवू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) सगळं समान करून वाजवतं, म्हणून ठासून मोठं करण्यात फायदा नाही. शिखरं उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा. गाण्यागाण्यांतला पोत सारखा करायचा प्रयत्न करू नका. माळ्यावरचं गाणं आणि कॉलेजच्या यूथ फेस्टिव्हलआधी रिकाम्या वर्गात घेतलेलं गाणं वेगळंच वाटलं पाहिजे. वितरकाकडून अपलोड करताना आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळा घ्या, डेमोला अल्बमच्या गाण्याचा देऊ नका. शब्द आणि चाल करणाऱ्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घेतलं नसेल तर आता घ्या. सोबत एक पीडीएफ पुस्तिका करा: प्रत्येक गाण्याला तारीख, जागा, कोणी काय वाजवलं, कशावर रेकॉर्ड केलं, आणि आता काय दुरुस्त केलं. तारीख नक्की आठवत नसेल तर 'गड्ड्याच्या आधी, २००६' असं लिहा. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा; सोलापूरकराला तो महिना कळतो.

ऊन तापायच्या आधी, मार्चच्या आत काम संपवा, निदान कॅसेट उतरवण्यापुरतं. उतरवलेल्या कॅसेट फेकू नका. तळमजल्यावरच्या आतल्या भिंतीच्या कपाटात, उभ्या, स्पीकरपासून लांब ठेवा. मूळ फाइलच्या तीन प्रती करा, प्रत्येकीचा चेकसम (फाइल बदलली नाही ना, हे तपासायचा आकडा) काढून ठेवा, आणि एक प्रत सोलापूरबाहेर असू द्या. पेन ड्राइव्ह ही प्रत नव्हे. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे चाळीसही गाण्यांची, न कापलेली, पूर्ण डिस्क चौघांना एकेक द्या. बेसिस्टलाही द्या, त्यानं सही केली असो वा नसो.